अजून कोन नाय आलं

माझ्या फोनमध्ये सुनेने एक बाई बसवली आहे. दर थोड्या वेळाने ती सांगते, पाणी प्या. संध्याकाळी सांगते, आज तुम्ही कमी चाललात. निवृत्त झाल्यापासून मी घरात नुसती बसून असते हे स्नेहलला, म्हणजे सुनेला, बघवेना, म्हणून तिने ही सोय केली. सुरुवातीला मी त्या बाईचं ऐकलं. मग एकदा ती पाणी प्या म्हणाली तेव्हा मी तिला म्हटलं, "तूच पी," आणि फोन उशीखाली सारला.

आणि अशा माझ्याकडे दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तो कशावर, तर कामाची सवय आणि प्रेरणा यावर! पेला उचलायचाही जिला कंटाळा, तिने लोकांना उत्साह कसा वाटावा? पण संपादक म्हणाले, "तुम्ही रोह्यात जे केलंत ते लिहा." आता रोह्यात मी केलं ते एवढंच की एक रिकामं गोणपाट कुटलं. पण ते नीट समजायला आधी थोडं पेणला यावं लागेल.

पेणच्या एका पापडाच्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. आधी लाटायला होते, नंतर बायांवर देखरेख करायला. कारखाना म्हटलं की लोकांना चिमणी आणि धूर आठवतो. आमच्या पेणमध्ये हा शब्द सैल आहे. गणपतीचाही कारखाना असतो आणि पापडाचाही. आमचा म्हणजे एक मोठी खोली, वर पंखे, खाली ओळीने पोळपाट. यंत्र म्हणाल तर आम्हीच.

पापडाचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, मीठ आणि पापडखार. पीठ घट्ट भिजवायचं, इतकं घट्ट की नवखा म्हणेल, ह्याचं आता काही होणार नाही. मग तेलाचा हात लावून ते दगडी पाट्यावर कुटायचं. कुटून कुटून मऊ झालं की लांब वळकटी करायची आणि दोऱ्याने तिचे तुकडे पाडायचे. तो तुकडा म्हणजे लाटी. लाटी लाटायची, पापड पंख्याखाली सुकवायचा आणि मग त्याला कोवळं ऊन दाखवायचं. कडक उन्हात तो वाकतो. यातलं काहीही उद्यावर टाकता येत नाही, कारण कुटलेलं पीठ उद्यापर्यंत वाळून जातं. आळशी माणसाने या धंद्यात पडू नये. पडलाच तर त्याचा आळस तरी जातो, नाहीतर धंदा तरी.

आमच्या कारखान्याला भोंगा नव्हता. पीठ कुटायचा आवाज हाच भोंगा. सकाळी पहिला ठोका पडला की गल्लीतल्या बाया घरचं आवरायला घेत. पीठ कडक असतं तोवर आवाज खणखणीत येतो, मऊ व्हायला लागलं की बसका येतो. आवाज बसला की बाया चपला घालत. मला कधी कोणाला बोलवायला जावं लागलं नाही. हे सगळं आपोआप होतं असं मी इतकी वर्षं समजत होते.

तशी आमच्याकडे नमुन्यांना तोटा नव्हता. चंपा नावाची एक बाई होती. ती रोज येताना हेच सांगत यायची की आज ती येणारच नव्हती. कंबर दुखतेय, नवऱ्याची डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट बदललीय, मांजराने रात्रभर झोपू दिलं नाही. बसता बसता म्हणायची, "आज मी लाटनार नाय. नुसती बसनार हाय."

"बस गो," मी म्हणायची, आणि तेलात घोळलेली एक लाटी तिच्या हातावर ठेवायची. लाटायला नव्हे, खायला. कच्ची लाटी ज्याने खाल्ली नाही त्याला पापड कळला नाही. ती खाऊन होईपर्यंत चंपाचे हात तेलकट झालेले असत. तेलकट हातांनी बाई दुसरं करणार काय? ती पोळपाट ओढून घ्यायची, आणि दुपारी बघावं तर सगळ्यांत जास्त पापड तिचेच. स्नेहल म्हणते, काम झाल्यावर स्वतःला बक्षीस द्यावं, म्हणजे सवय लागते. आम्ही कामाच्या आधीच देत होतो. नंतर देतो म्हटलं असतं तर चंपा नंतरपर्यंत थांबलीच नसती.

एकदा आमच्या शेटच्या मनात आलं की बायांना प्रेरणा द्यावी. त्यांनी एक सर आणले. तरुण, टाय लावलेले, गळ्यात माईक. खोली एवढीशी, माईकची गरज नव्हती, पण आणलाय म्हणून लावला. सरांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

चंपा म्हणाली, "हितंच. आजून कुठं बगू?"

सर डगमगले नाहीत. त्यांनी सगळ्यांना ताठ बसून डोळे मिटायला सांगितलं आणि आपलं यश डोळ्यांपुढे आणायला लावलं. पहाटे उठून घरचं उरकून आलेल्या बाया त्या. त्यांना दिवसाउजेडी डोळे मिटायला कोण सांगतं? पंखा फिरत होता, सरांचा आवाज गोड होता. निम्म्या बाया झोपल्या. एकीने तर घोरायला सुरुवात केली, आणि तेही माईकजवळ.

आम्ही पुढे कित्येक दिवस हसत होतो. पण सर जाताना माझ्याशी बोलत उभे राहिले, आणि एक गोष्ट बोलून गेले ती मला तेव्हा कळली नाही. म्हणाले, "मावशी, सवय माणसाला लागते असं आपण म्हणतो, पण ती जागेला चिकटलेली असते. जागा सुटली की सवय सुटते." मी हो हो म्हटलं आणि त्यांना पापडाचं पाकीट दिलं.

ते खरं होतं हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. आयुष्यभर पहाटे उठणारी मी, पहिल्याच महिन्यात उन्हं खिडकीतून आत आली तरी अंथरुणात. उठून करायचं काय? मुलगा-सून कामाला जातात, घर आवरायला असं किती लागतं? हात रिकामे राहिले की मन कुजतं. मला कोणावरही, कशावरही राग यायला लागला होता. फोनमधल्या त्या बाईवर तर फारच. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. आता आपलं असंच जाणार असं वाटत होतं.

अशात एका चैत्रात रोह्याहून कुंदाचा फोन आला. कुंदा माझ्या नणंदेची मुलगी. तिने आसपासच्या बायांना जमवून बचत गट केला होता आणि सासरच्या पडवीत पापड सुरू केले होते. कोलाडच्या हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने तिला मोठी ऑर्डर दिली होती. पापड पावसाआधी पोचवायचे होते. आवडले तर दरवर्षी घेईन म्हणाला होता.

"मामी, तू ये," कुंदा रडकुंडीला आली होती. "एक दिवस बाया येतात, तीन दिवस नाय येत. सासूबाईंनी सांगून टाकलंय, मे सरेपर्यंत बघते, नायतर पडवी नातवाला, निलेशला देते. त्याला मोबाईलचं दुकान टाकायचंय. पडवी गेली की गट गेला, मामी. कोनाच्या घरात एवढी जागा नाय."

मी पिशवी भरली. स्नेहलला बरं वाटलं, मलाही.

रोह्याला पोचले ती थेट पडवीत. जागा सुरेख. लांबरुंद, स्वच्छ, वारा खेळता. भिंतीवर कुंदाने पाटी लावली होती, 'आजचे काम आजच'. तिच्याखाली पोळपाट एकावर एक रचून ठेवले होते, त्यांवर धूळ होती. आणि दारात, मशेरी लावत, कुंदाच्या सासूबाई द्वारकाबाई बसल्या होत्या.

"पेनच्या मामी तुमीच व्हय?" त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. "बरं झालं आलात. बगा, आनि तुमीच सांगा हिला. बाया काय येनार नाय. ह्या पडवीत मी भाताची पोती ठेवली तवा ती तरी जागची हलली नाय."

कुंदाने आधी काय काय करून पाहिलं होतं ते तिने मला सांगितलं. फोनवर बायांचा ग्रुप केला होता. पहाटे सगळ्या जणी न चुकता फुलांची चित्रं आणि सुप्रभात पाठवत. फुलं वेळेवर येत, बाया येत नसत. मग नारळावर हात ठेवून शपथ घेतली. त्या नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली. मग सर्वांत नियमित येणारीला स्टीलचा डबा बक्षीस लावला. सुगंधा नावाची एक बाई महिनाभर एकही खाडा न करता आली, डबा जिंकली आणि यायची बंद झाली. कुंदा विचारायला गेली तर म्हणाली, "मिळाला की गो डबा. आता कशाला?"

मी आधी दोन दिवस काही केलं नाही. पुढच्या खोलीच्या खिडकीशी पडद्याआड बसून नुसतं बघत राहिले. आणि मला जे दिसलं त्यावर माझा विश्वास बसेना.

सकाळी रंजना आली. रंजना शेजारच्या आळीतली, बोलायला वाघीण. पायरीवर उभी राहिली, पडवीत डोकावली, म्हणाली, "अजून कोन नाय आलं," आणि परत गेली. तिची पाठ वळते न वळते तोच सुगंधा आली. डब्याची लाज वाटली असावी. तिने डोकावलं, म्हणाली, "कोनच नाय आलं," आणि गेली. मग तिसरी, मग चौथी. अशा करता करता गटातल्या झाडून सगळ्या बाया येऊन गेल्या आणि पडवी रिकामीच. दुपारी कुंदा कपाळाला हात लावून म्हणाली, "बघितलंस मामी, एक पन आली नाय!"

"अगं, सगळ्या आल्या होत्या," मी म्हटलं.

"मग पीठ मळायला मला हाक का नाय मारली?"

"तू आधी मळून का ठेवलं नाहीस?"

"बाया आल्याशिवाय कशी मळू? वाळून जाईल ना!"

म्हणजे पीठ बायांसाठी थांबलेलं, बाया पिठासाठी, आणि प्रत्येक बाई दुसरीसाठी. त्यात गटाने पीठ मळायचं मशीन घेतलेलं. ते मागच्या स्वयंपाकघरात दार लावून नुसतं गुंगुं करायचं. मळलं तरी रस्त्यावरच्या बाईला कळायचं कसं? कोणीही आळशी नव्हतं हो. मन लावून काम करायला तयार असलेल्या बाया रोज सकाळी घरून निघत आणि मन लावून परत जात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात धूळ खात पडलेला दगडी पाटा द्वारकाबाईंच्या गड्याकडून पडवीत आणवला. पीठ नव्हतं, म्हणून त्यावर जुन्या गोणपाटाची घडी टाकली. लोखंडी मुसळ उचललं आणि घातला घाव.

द्वारकाबाई मशेरीचं बोट तोंडात तसंच ठेवून आल्या. "काय कुटताय?"

"काही नाही."

"मंग कुटताय कशाला?"

"बाया येतील म्हणून."

"गोनपाट कुटून बाया आल्या असत्या," त्या म्हणाल्या, "तर मी गोधड्या धुते तवा आख्खं रोहा दारात आलं असतं."

मी कुटत राहिले. दंड भरून आले, सवय राहिली नव्हती. पण थोड्या वेळाने रंजना पायरीवर उभी. "मामी, सुरू झालं व्हय?"

"झालं की."

"पीठ कुठं हाय?"

"येतंय. तोवर बस, मिरी निवड." मी तिच्या पुढ्यात ताट सरकवलं आणि पडद्याआडच्या कुंदाला डोळ्यांनीच खूण केली, मळ म्हणून.

रंजना बसली. सुगंधा आली, डोकावली. तिला रंजना दिसली. "तू आलीस व्हय?" म्हणत तीही बसली. मग काय, तिसरीला दोघी दिसल्या, चौथीला तिघी. पीठ मळून बाहेर येईपर्यंत पडवी भरली होती, आणि गोणपाट कुटलेलं कोणाच्या लक्षातही आलं नाही. द्वारकाबाई सोडून. त्या दिवशी पहिली लाटी मी द्वारकाबाईंना खायला दिली. त्यांनी ती खाल्ली आणि "मीठ बेताचं हाय" एवढंच बोलून आत गेल्या.

त्या दिवसापासून मशीन कडेला ठेवलं. पीठ हातानेच कुटायचं, आणि तेही पडवीत, रस्त्यावर ऐकू जाईल असं. सरांचं बोलणं आठवून मी प्रत्येकीची जागाही ठरवून दिली. त्यावरून आधी भांडणं झाली. पंख्याखालची जागा सगळ्यांनाच हवी. शेवटी पंखा फिरत्या मानेचा आणला तेव्हा शांतता झाली. मग जागा जिच्या तिच्या झाल्या. सुगंधा एक दिवस आली नाही तर तिच्या जागेचं रिकामं चौकोनी भोक सगळ्यांना दिसायचं. रंजना मोठ्याने विचारायची, "काय गो, सुगंधी कुठं मेली?" आणि ते तीन घरं पलीकडे सुगंधाला ऐकू जायचं.

आवाजाची सवय मात्र जरा जास्तच लागली. मसाल्याचे दिवस होते. एका सकाळी मी कुटायला बसले तरी बाया येईनात. बसका आवाज झाला, वळकटी झाली, तरी कोणी नाही. शोधायला कुंदा बाहेर पडली तर मागच्या आळीत एका घरी मिरच्या कुटायचं काम सुरू होतं, आणि आमच्या सहा बाया आपापले पोळपाट घेऊन त्या अंगणात ओळीने बसल्या होत्या. आवाज ऐकून आल्या, बसल्या, गप्पांत रंगल्या. ही आपली पडवी नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही म्हणे. घरमालकीण बिचारी पाहुण्या समजून चहा करत होती. सगळ्या जणी डोळे पुसत परत आल्या. मी विचारलं तर रंजना म्हणाली, "नाय हो मामी, वाईट नाय वाटलं, मिरची गेली डोल्यात."

अशा रीतीने पत्र्याचे डबे भरत आले. द्वारकाबाई रोज संध्याकाळी झाकण उघडून बघत, पुन्हा लावत आणि आत जात. आणि ऑर्डर संपायला आली असताना हळद आली.

रंजनाच्या दिराचं लग्न. आमच्याकडे लग्नाला एक वेळ कोणी जाणार नाही, पण हळदीला न जाणं म्हणजे वैर. मांडव घातला, आणि दुपारपासून असे मोठाले भोंगे सुरू झाले की पाट्यावर मुसळ पडतंय की उशी, मलाच कळेना. पीठ सकाळीच भिजवून ठेवलेलं. हॉटेलवाला दुसऱ्या दिवशी न्यायला येणार. एकही बाई येणार नाही हे उघड होतं, आणि त्यात कोणाची चूकही नव्हती. कुंदा पिठाच्या परातीपुढे बसून हुंदके द्यायला लागली. द्वारकाबाई दारातून म्हणाल्या, "मी सांगतच व्हते." पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

मी कुंदाला म्हटलं, "ऊठ, साडी बदल, हळदीला जाऊ. रडून पीठ मऊ होत नाही." एवढ्यात रंजनाच आली. हिरवी साडी, कपाळभर मळवट, गालाला हळद.

"मामी, तुमी कुटून लाट्या पाडा नि पाठवा तिकडं. बाया नुसत्या बसल्यात. नवऱ्याला न्हाऊ घालायला आजून टाईम हाय, जेवनाला त्याहून टाईम. हात शिवशिवतायत सगल्यांचे."

आणि मग मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही असा कारखाना पाहिला. मांडवाच्या एका कडेला सतरंज्या, त्यांवर पोळपाट, आणि गटातल्याच नव्हे तर नवऱ्याच्या मावश्या, आत्या, करवल्या, सगळ्या लाटायला बसलेल्या. गाण्याचा ठेका वाढला की लाटणं वाढायचं. आवडतं गाणं लागलं की दोघी-तिघी उठून नाचून येत आणि पुन्हा बसत. पेणला मी कोणाला काम करताना उठू दिलं नसतं. पण त्या दिवशी जेवणाआधी शेवटची लाटी संपली.

फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. सगळ्यांचे हात हळदीचे होते.

सकाळी कुंदाने पापड उजेडात बघितले आणि मटकन खालीच बसली. पिवळेधमक. काहींवर तर अख्ख्या बोटांचे ठसे. हॉटेलवाले अण्णा टेम्पो घेऊन दारात उभे. कुंदाने काही लपवलं नाही. चांगल्या पापडांचे डबे एकीकडे ठेवले, पिवळे एकीकडे, आणि काय घडलं ते सांगून टाकलं. अण्णांनी एक पिवळा पापड गॅसवर भाजायला लावला, खाल्ला, दुसरा मागितला.

"चवीला झ्याक हायेत," ते म्हणाले. "पन गिऱ्हाईक विचारेल कावीळ झालीय का पापडाला. हे तुमी घरी खा. राहिलेले कवा देनार?"

"दोन दिवस द्या, अण्णा," कुंदा म्हणाली.

"घ्या. हळद म्हनल्यावर मी काय बोलनार? मी पन कालच्याला तिथंच व्हतो जेवायला."

दोन दिवसांनी ऑर्डर पुरी झाली. टेम्पो गेला तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. मी द्वारकाबाईंकडे बघितलं. वाटलं, आता तरी ही बाई हसेल.

"झालं ते ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "येकदा जीव काढून कोन पन करतंय. आमी लावनी नाय उरकत? पन आता पाऊस येनार. पावसात पापड व्हत नाय. चार महिने बाया येनार नाय, नि येकदा चार महिने घरी ऱ्हायल्या की परत येनार नाय. रिकामी पडवी ठेवून मी काय करू? निल्याला परवा माप घ्यायला बोलावलंय."

कुंदाचा चेहरा पडला. आणि वाईट म्हणजे बाई खरं बोलत होती. ऑर्डरीसाठी जोर लावणं वेगळं. ऑर्डर नसताना सकाळी घरातून पाय निघणं वेगळं. हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मी बायांना उद्यापासून सुट्टी सांगितली आणि पेणला परत आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कपड्यांची राहिलेली पिशवी आणायला म्हणून मी एसटीने रोह्याला गेले. खरं तर पिशवी कुंदाने पाठवली असती. मला राहवलं नाही, एवढंच. आभाळ भरून आलं होतं. पडवी बघायची माझी हिंमत होत नव्हती, म्हणून मान खाली घालून चालले होते. पायरीशी आले तर चपलाच चपला.

आत सगळ्या होत्या. रंजना, सुगंधा, बाकीच्या, आपापल्या जागी. पीठ नाही, पोळपाट नाही. प्रत्येकीच्या पुढ्यात आपल्या घरचे मोड आलेले वाल, आणि सोललेलं बिरडं वाडग्यात पडत होतं. तोंडं अखंड चालू होती.

"अगं, आज काम नाही," मी म्हटलं. "सांगितलं होतं ना मी?"

"ठावूक हाय," रंजना म्हणाली. "काल पन नव्हतं. वाल सोलायचे तर घरी येकटीनं का सोला? घरी सोललं की सरत नाय."

कुंदा कोपऱ्यात बसून सोलत होती. तिला मी विचारलं, "कोणी बोलावलं?" तिने मान हलवली. कोणीच नाही.

तेवढ्यात निलेश आला, हातात मापाची टेप. दारातच थबकला. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. "आजी," त्याने आत हाक मारली, "माप घेऊ ना?"

द्वारकाबाई बाहेर आल्या. त्यांच्या कमरेवर परात होती, परातीत त्यांच्या घरचे वाल. त्यांनी बायांवरून नजर फिरवली, एकीवरून दुसरीवर, अगदी शेवटच्या सुगंधापर्यंत. मग सुगंधाला म्हणाल्या, "सरक गो जरा," आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

"आजी, मग उद्या येऊ का?" निलेशने विचारलं.

"उद्या पन ह्या हाईत," द्वारकाबाई खाली बघून सोलता सोलता म्हणाल्या. "परवा पन हाईत. तू दुसरीकडं बग, बाबा."

मला रडू आलं. मी पदराने डोळे पुसले, खाली बसले आणि द्वारकाबाईंच्या परातीतली एक मूठ माझ्याकडे ओढून घेतली.